शेवटच्या तुकड्यावर ठोका

३ मार्च
चि. छोटीस,
अ. उ. आ. तू शाळेत फ्रेंच शिकवतेस, पण तुझी टपालातली शिकवणी पोचल्यापासून माझं डोकं चालेनासं झालंय. क्रियापदाचे तुकडे पाडायचे आणि जोर शेवटच्यावर द्यायचा: पार-लों, आम्ही बोलतो. ठीक. मी सुतार, तोडणं-ठोकणं एवढंच येतं. म्हणून 'पार' म्हणतो आणि 'लों'ला बाकावर हातोडा हाणतो. पण 'ते बोलतात' लिहायला एवढं लांब, आणि तू म्हणतेस बोलताना एकच तुकडा, पार्ल. मग उरलेली अक्षरं काय शोभेला?

रविवारी तुझ्या होणाऱ्या वहिनीच्या आईला भेटायचंय. त्यांना फ्रेंचशिवाय काही येत नाही, आणि त्यांच्या होकाराशिवाय ही लग्नाला तयार नाही. मला धडकी भरली आहे.
लोभ आहेच, थोडा धीरही पाठव.
तुझा दादा

६ मार्च
ती. दादास,
सा. न. वि. वि. उरलेली अक्षरं शोभेलाच समज. आणखी एक, रागावू नकोस: एका दमात जेवढे शब्द बोलशील, त्यातल्या शेवटच्या तुकड्यालाच जोर. क्रियापद मध्ये आलं तर त्याचा जोर जातो. आणि ते ठोकणं बंद कर. त्यांचं टेबल बडवलंस तर वेड्यात काढतील. हात खिशात ठेव.
माया आहे तशी असू दे.
तुझी छोटी

१० मार्च
चि. छोटीस,
अ. उ. आ. तुझं ऐकलं, हात खिशात ठेवले, आणि वाचाच बसली. ही रडवेली झाली. तिने आईंना काहीतरी सांगितलं, बहुधा माझ्या हातोड्याचं. आईंनी मला न्याहाळलं आणि स्वतःच बोटाने टेबलावर ठक केलं. मग माझा हात बाहेर आला आणि शब्दही. काय बोललो देव जाणे, पण दर दमाच्या शेवटी त्या माझ्याबरोबर ठोकत होत्या.

होकार मिळाला का, कळलं नाही. ही म्हणते, आई हो-नाही काहीच बोलली नाही. निघताना त्यांनी एक डुगडुगणारी खुर्ची दाखवली आणि दाराच्या चौकटीवर ठोका देत म्हणाल्या, रव्ह-ने, पुन्हा या. तू शिकलेली, तूच सांग, याला काय समजायचं? माझा नुसता गोंधळ उडालाय. खुर्चीच्या पायासाठी मात्र कारखान्यातलं सगळ्यात चांगलं लाकूड काढून ठेवलंय.
उत्तर लवकर दे, लोभ नंतर मोजू.
तुझा दादा