ठुमका डावीकडचा

आई,

एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे. काल आमच्या दादरच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात सातवीच्या मुलींनी कलापथकाच्या एका जुन्या गाण्यावर ठुमका उजवीकडे मारला. बारा मुली, बारा नऊवारी लुगडी, आणि बाराही कंबरा चुकीच्या दिशेला. मी संस्कृतचा मास्तर, नाचातलं मला कोण विचारतो; तरी नाच बसवणाऱ्या बाईंना गाठून म्हटलं, "तो डावीकडे असतो." त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही आपले श्लोक बघा." पहिल्या रांगेत हेडमास्तर मान डोलवत होते आणि पालक वन्समोअर मागत होते.

डावीकडे असतो, कारण तो मी पाहिला आहे. लालबागच्या मैदानात, याच गाण्यावर, संयुक्त महाराष्ट्राच्या एका सभेआधी. कलापथकात लुगडं नेसून नाचणारा गडी सत्याग्रहात तुरुंगात गेला आणि त्याच्या जागी तू उभी राहिलीस, गिरणीत बॉबिनी भरणारी बाई. ढोलकी क्षणभर थांबते, तू बोटांत धागे असल्यासारखे दोन्ही हात पुढे धरतेस आणि डाव्या कमरेनं हवेला असा धक्का देतेस, की पुढे बसलेल्या गिरणीतल्या बायका हसत एकमेकींच्या अंगावर पडतात. मागून कुणीतरी शिटी मारतो. माझ्या शेजारी माझा गिरगावातला वर्गमित्र होता. मी संस्कृतात पहिला आलो तेव्हापासून तो माझ्याशी बोलू लागला होता. तो म्हणाला, "शी. कोण रे ही बाई?" मी म्हणालो, "काय माहीत."

तू स्टेजवरून उतरून घाम पुसत माझ्याकडेच येत होतीस. मी पाठ फिरवली. माझं उत्तर तुझ्या कानावर गेलं की नाही, हे मी कधी विचारलं नाही. पाठ मात्र तू पाहिलीस.

घरी तू भाकरी थापत असताना मी तुला 'अश्लील' हा शब्द अर्थासकट ऐकवला. तू म्हणालीस, "अरे, दोनय हात सुतात आसतत. मगे बॉबिनींची पेटी कशान ढकलूची, तुझ्या संस्कृतान?" आणि हसलीस. मी हसलो नाही, मग तूही थांबलीस. पुढच्या आठवड्यात पथकातली माणसं बोलवायला आली, तेव्हा तू दारातूनच सांगितलंस, "पोराचो अभ्यास आसा." त्यानंतर गौरीच्या फुगड्यांतसुद्धा तू भिंतीला टेकून नुसत्या टाळ्या वाजवायचीस. मला ते तेव्हा बरं वाटायचं.

काल वन्समोअर झाल्यावर मी स्टाफरूममध्ये जाहीर केलं, की हा ठुमका माझ्या आईचा आहे. चहा येईपर्यंत पेटी, सूत, मैदान सगळं सांगितलं. फक्त "काय माहीत" तेवढं गाळलं. सगळे वा वा म्हणाले. नाचाच्या बाईसुद्धा म्हणाल्या, पुढच्या वर्षी डावीकडे करू. तुला हे कळवावं म्हणून लिहायला बसलो. पाठवायचं कुठे, हा प्रश्न आहेच, म्हणून कागद आता कोशाच्या पानांत ठेवतो.

ठुमक्याच्या दिशेचं खरं तर मला काही नाही. काल पालकांनी नाकं मुरडली असती आणि कुणी मला विचारलं असतं, "हा ठुमका कुणाचा?", तर मी पुन्हा तेच उत्तर दिलं असतं, अशी मला भीती वाटते.