हात पोचेल तिथवर

मी, निवृत्त इंग्रजी शिक्षक, वय एक्याऐंशी, विधुर, पूर्ण शुद्धीवर राहून आणि कोणाच्याही धाकाखाली न येता हे लिहितो. धाक काय असतो ते मला माहीत आहे. बत्तीस वर्षे तो मी घातला. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

कलम १. ‘दॅट’ या इंग्रजी शब्दावरची माझी वही, दोनशे पाने, शाळेच्या वाचनालयाला. हा शब्द जुन्या इंग्रजीत नपुंसकलिंगी दर्शक होता. ‘द’ त्याच्याच घराण्यातला. बोट दाखवता दाखवता तो पुढे वाक्ये जोडू लागला, आपला ‘की’ करतो ते काम. ‘जो’ आणि ‘जे’ यांचे कामही त्याने अंगावर घेतले. संस्कृत ‘तत्’ आणि आपले ‘तो, ती, ते’ हे त्याचे लांबचे भाऊबंद. तेव्हा मुलांनी त्याला भ्यायचे कारण नव्हते. भीती मी आणली. वहीत तिचा उल्लेख नाही, म्हणून या मृत्युपत्राची प्रत वहीला शिवूनच ती द्यावी.

कलम २. माझी पद्धत नोंदवून ठेवतो. टेबलावर डस्टर. हात पोचतो, म्हणून ‘धिस’. मागच्या भिंतीजवळ एक मूल. हात पोचत नाही, म्हणून ‘दॅट’. वर्गाने बोट दाखवून वाक्य म्हणायचे. मग मी बाकांमधून चालत जायचो आणि त्या मुलाला थप्पड मारायचो. हात पोचला. वर्ग ओरडायचा, ‘धिस!’ हा फरक माझ्या एकाही विद्यार्थ्याने कधी चुकवला नाही. तपासनीसांचा शेरा: उत्कृष्ट. नाके फुटली. एकाचा दात बाकाखाली सापडला.

सहावीतली लोहाराची मुलगी भिंतीजवळ उभी असताना हसली. पहिल्या थपडेला वर्ग ओरडला नाही. म्हणून दुसरी मारली. तिसरी मारली. चौथीला तिचा डावा कान फुटला. रक्त गळ्यापर्यंत आले तेव्हा वर्ग ओरडला. मी पुढचे वाक्य घेतले.

कलम ३. दुसऱ्या दिवशी लोहार वर्गात आला. “कुठला हात, मास्तर?” एवढेच त्याने विचारले. मी उजवा मागे घेतला, त्यावरून त्याला कळले. त्याने तो टेबलावर धरला आणि हातोड्याने मनगट मोडले. दोन घाव. कोर्टात मी सांगितले की मुलगी जिन्यावरून पडली होती आणि लोहार पिऊन आला होता. दोन्ही खोटे. माझी मुलगी त्याच वर्गात होती. जिन्याचे वाक्य मी तिच्याकडून घरी पाठ करून घेतले. चुकली तेव्हा डाव्या हाताने मारले. कोर्टात ती चुकली नाही. लोहाराला दोन वर्षांची शिक्षा झाली. भट्टी विकली गेली.

माझ्या मुलीकडे यातला काहीही दोष नाही.

कलम ४. राहते घर, तीन खोल्या. ते लोहाराच्या मुलीला द्यायचे ठरवले होते. ती आता शिवणकाम करते. सोमवारी तिला, माझ्या मुलीला आणि वकिलांना बोलावले. ती गळ्यात टेप अडकवूनच आली आणि उजवा कान माझ्याकडे येईल अशी बसली.

“घराचं काय करू, सर? मशीन ठेवायला जागा आहे माझ्याकडे. बाबा प्यायलेले नव्हते, ते लिहून द्या.”

“लिहिलंय. मृत्युपत्रात आहे.”

“म्हणजे तुम्ही गेल्यावर उघडणार? आणि बाबा आधी गेले तर? अठ्ठ्याऐंशीचे आहेत ते. रोज दाराकडे बघत बसतात.”

माझी मुलगी उठली. “बाबा, मेलेल्याची अब्रू जात नाही, मागे राहते तिची जाते. मी त्याच शाळेत शिकवते.”

“तू बारा वर्षांची होतीस गं,” लोहाराची मुलगी तिला म्हणाली. “तुझ्यावर राग धरायचा तर अख्ख्या वर्गावर धरावा लागेल. वेळ कुठाय? तुझ्याच शाळेचे दीडशे गणवेश शिवायचेत.”

माझी मुलगी खाली बसली. मग तीच म्हणाली, “बंद पाकीट नको. सहीआधीच वाचायला द्या हिच्या बाबांना.”

वकील म्हणाले, ज्याला घर मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही.

“मग झालंच की,” लोहाराची मुलगी म्हणाली. “घर नको, साक्षीला मी येते.”

म्हणून घर माझ्या मुलीला. हे मृत्युपत्र बंद ठेवू नये. सही होण्याआधी लोहाराने ते वाचावे आणि चूक असेल तर सांगावी. वही शाळेत पोचवायची की नाही, हे माझ्या मुलीने ठरवावे. तिला मी आता काही पाठ करायला लावणार नाही.

कलम ५. माझी शाळेतली छडी चुलीत घालावी.

सही डाव्या हाताने केली आहे. तीच खरी धरावी.

ठिकाण: पुढची खोली. बुधवार, चार जून, सकाळी अकरा.

सही: निवृत्त शिक्षक

साक्षीदार पहिली: शिवणकाम करणारी. मजकूर स्वतः वाचला.

साक्षीदार दुसरा: लोहार. मजकूर स्वतः वाचला. मी प्यायलो नव्हतो हे बरोबर. घाव दोन नव्हते, तीन होते. तिसरा मनगट मोडल्यावर मारला. तेही लिहा.