पुणतांब्याच्या नावेचे इंजिन सारास देण्याबाबत

मी, शांतवन कृपादान वडागळे, वय साठीच्या पुढे, धर्म ख्रिस्ती, धंदा नावेचे इंजिन चालविणे, राहणार मौजे पुणतांबे, तालुका कोपरगाव, जिल्हा अहमदनगर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहवून ठेवतो. पाय सुजले आहेत, दम लागतो. डोके मात्र शाबूत आहे. कोणाला शंका असेल तर त्याने येऊन माझ्याशी भांडून पाहावे. प्रभुदास मास्तर लिहीत आहेत. मी बोलतो तसेच लिहा असे त्यांना बजावले आहे, तरी ते मधूनमधून कायद्याची भाषा घालतात. घालू देत.

१. नदीच्या उतारावरील माझे राहते घर, परसातील शेवग्याच्या झाडासह, माझे पश्चात माझी एकुलती मुलगी सारा हिचे. साराला नवऱ्याने टाकले असे लोक म्हणतात. खोटे आहे. तिनेच त्याला सोडले, आणि कारण मला पटले. बाकी कोणाला ते सांगत बसण्याची गरज नाही.

२. ओट्यावरची वेताची खुर्ची माझा धाकटा भाऊ रंगनाथ याला. मी जिवंत असतानाच तो तीत ठाण मांडून बसतो, तेव्हा ताबा देण्याची निराळी खटपट नको. शेवगा मात्र त्याचा नव्हे. त्याच्या कुंपणात लोंबतील तेवढ्या शेंगा त्याने घ्याव्यात आणि गप्प बसावे.

३. नदी ओलांडण्याची नाव आणि तिचे रॉकेलचे इंजिन, दोन्ही साराचे. हे इंजिन मी मुंबईच्या गोदीत नोकरीला असताना भंगारातून उचलून आणले आणि स्वतः उभे केले. रंगनाथाचे म्हणणे असे की, वडागळ्यांच्या घरात पुढच्या पिढीत त्याचा मुलगा आसाराम हाच काय तो पुरुष उरला, सबब नाव त्याला द्यावी. यावरून माझ्यामागे भांडण होणार हे मी ओळखून आहे, म्हणून कारण लिहून ठेवतो.

इंजिन पंपाने नदीचे पाणी ओढते. ते पाणी तापलेल्या सिलिंडरभोवती फिरते आणि बाजूच्या तोटीतून परत नदीत पडते. पंपापाशी दाबाचा काटा आहे. एवढे समजले म्हणजे पुढचे समजेल.

यंदा पहिला पूर आला तेव्हा मी आजारी होतो. मला दवाखान्यात न्यायचे म्हणून नावेत निजवले होते. सारा इंजिनावर, आसाराम तिच्या मदतीला, शिवाय रंगनाथ आणि बाजारची माणसे. आता हा आसाराम पाथर्डीकडे आजोळी वाढलेला. तिकडे अंघोळीचे पाणीसुद्धा परातीत धरून वांग्याच्या रोपांना घालतात. तोटीतून भदाभदा पडणारे पाणी त्या पोराला बघवेना. निघण्याआधी त्याने बाभळीची खुंटी चिंधीत गुंडाळून तोटीत ठोकली आणि साराला सांगितलेही नाही.

नदीच्या मध्यावर आलो आणि काटा चढू लागला. आसाराम खूश! मला म्हणतो, "आप्पा, बगा दाब कसा आलाय! समदं पानी आतच ऱ्हायलं. आता इंजन माठावानी गार ऱ्हातंय."

साराने काटा पाहिला आणि तोटीखाली हात धरला. धार नाही. तिने तत्काळ रॉकेल तोडले. इंजिन थांबले, नाव ओढीला लागली, बायकांनी आकांत मांडला. रंगनाथ ओरडला, "आगं, चालू कर की! बुडवतीस काय आमाला?" तिने लक्ष दिले नाही. आसारामाच्या हाती बांबू देऊन नाव सरळ धरायला लावली आणि खुंटी उपसली. आत कोंडलेले उकळते पाणी तिच्या मनगटावर आले. कातडी सोलून निघाली. अशा वेळी रंगनाथ बादली घेऊन इंजिनावर गार पाणी ओतायला धावला. "काका, खबरदार! तापल्या लोखंडावर गार पानी पडलं तर तडकंल," असे ती म्हणाली, आणि बादली त्याच्या हातातून काढून घेतली. इंजिन आपोआप निवेपर्यंत थांबली, मग चालू केले. सगळे काठाला लागले. माझ्यासकट.

दुसऱ्या दिवशी गावात काय बातमी? बाईने हात लावला म्हणून इंजिन बंद पडले! बातमी रंगनाथाची. आसारामाने खुंटीबद्दल अवाक्षर काढले नाही. तेव्हापासून सारा इंजिनावर दिसली की माणसे नावेत चढत नाहीत, काठावर बसून राहतात नाही तर लांबचा वळसा घेतात. परवा हाताला खोबरेल लावता लावता ती म्हणाली, "बाबा, इकून टाका. माज्या हातच्या नावंत कोन बसनार हाय?" विकायचे नाही. हे मृत्युपत्र त्याचसाठी आहे.

४. साराला शिकवण्याजोगे काही उरले नाही. हे कलम आसारामासाठी. काटा उतरला तर पाणी ओढणाऱ्या नळीच्या तळाची जाळी गाळाने बुजली समज, ती काढून धू; पुरात पुन्हा पुन्हा धू. काटा चढला तर पुढची वाट तुंबली समज. चढता काटा पाहून हसतो तो गाढव. दाब बेताचा असावा आणि तोटीचे पाणी हाताला अंघोळीइतके कोमट लागावे. ते पाणी वाया जात नाही रे बाबा. नदीचे आहे, नदीत जाते. तुझ्या आजोळचे दुष्काळ मी पाहिले आहेत, म्हणून खुंटीचा राग मला नाही. तू गप्प राहिलास त्याचा फार आहे.

त्याने खुंटीची हकीकत गावासमोर स्वतःच्या तोंडाने सांगितली तर साराने त्याला नावेवर कामाला ठेवावे. न सांगितली तर काय करायचे ते मालकीण ठरवील.

५. माझी बायको मनकर्णा पलीकडच्या तीरावर, तिच्या माहेरच्या दफनभूमीत आहे. मला तिच्याशेजारी पुरावे. डॉक्टर मला दिवाळी दाखवायला तयार नाहीत, म्हणजे मी जाईन तेव्हा नदीला भरपूर पाणी असेल. माझी पेटी याच नावेतून न्यावी आणि इंजिन सारानेच चालवावे. दुसऱ्या कोणी हात लावल्यास पेटी काठावरच ठेवावी. मला कुठे घाई आहे? ज्यांना मातीला यायचे त्यांनी नावेत बसावे. ज्यांना बाईच्या नावेचे भय वाटते त्यांनी अलीकडूनच हात जोडावेत, माझी तक्रार नाही.

रंगनाथ, तू मात्र तसे करू नकोस. आपल्या बापाला आपण दोघांनी खांदा दिला होता. पेटीच्या उशाशी तुझी जागा ठेवायला मी साराला सांगितले आहे. तू बसल्याशिवाय ती इंजिन चालू करणार नाही.

हे सर्व मला वाचून दाखवले, ते बरोबर आहे, म्हणून सही करतो.

(सही) शांतवन कृपादान वडागळे

साक्षीदार:
(सही) प्रभुदास लक्ष्मण भांबळ, शिक्षक. हस्ताक्षर माझेच.
(अंगठा) अजीज दगडू तांबोळी, राहणार पलीकडील तीर. आज साक्षीसाठी साराच्या नावेतून आलो. नावेत मी एकटाच होतो.

मुक्काम पुणतांबे, तारीख ९ सप्टेंबर १९४६.