ब्रेक दाबला की गिअर

चि. बारकूस थोरल्या बहिणीचा आशीर्वाद.

तुझे गुडघे काय म्हणतात? माझे बरे आहेत. रोज तीन मजले चढवून मी त्यांची परीक्षा घेते. अक्षर सूनबाईचं, शब्द माझे. (मध्ये कंस आले तर ते मात्र माझे. — सून)

तर तू पाठवलेली दोन तुकडे होणारी सायकल. आमचा जिना इतका चिंचोळा, की अख्खी सायकल वर येत नाही. सूनबाई शिवणकारखान्यातून आली की खालीच तिचे दोन अर्धे करते आणि एकेक वर आणते. सकाळी जिन्याच्या तळाशी बसून ते जोडायचं काम माझं. सांगाडा कुणीही जोडेल. खरी कला मागच्या ब्रेकच्या आणि गिअरच्या तारांत. दोन्ही तारा मध्येच कापलेल्या, टोकांना पितळी जोड, पान्याने फिरवून घट्ट करायचे. लेकाने तारांवर चिठ्ठ्या लिहून चिकटवल्या होत्या. तेलाने बुळबुळीत झाल्या, मी काढून टाकल्या. तशाही त्या मला, म्हशीला आरसा तशाच. पण जोड मेले जुळ्या भावंडांसारखे! कुणाचंही कुणाशीही जुळतं. त्या मंगळवारी मी ब्रेकची सोयरीक गिअरशी लावून दिली.

सूनबाई उताराला लागली. ब्रेक दाबावा तर साखळी उडी मारून दुसऱ्याच दात्यांवर, आणि गिअर बदलावा तर मागचं चाक गच्च. चुकलं असं मी म्हणणार नाही. दोन्ही कामं होत होती, फक्त पत्ते बदलले होते. (पुढचा ब्रेक शाबूत होता, म्हणून हे पत्र लिहायला मी आहे.) ती लॉन्ड्रीवाल्याच्या वाळत घातलेल्या चादरींत शिरली, ती पलीकडून एक पांघरूनच बाहेर आली. उशीर झाला होता, म्हणून तशीच कारखान्यात गेली. मुकादम म्हणे उठून उभा राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा!

तेव्हापासून माझा पाना जप्त. आठ दिवस नुसती खुर्चीत बसलेय. आता लेक जोडतो, अर्धा तास लावतो आणि वर बोट चेंगरून घेतो. तुझ्या दुकानात पंक्चर कोण काढायचं रे? मी. तू गिऱ्हाइकांशी गप्पा हाणायचास. हाताला काळं लागलं नाही, की मला स्वतःच्याच घरात पाहुणी असल्यासारखं वाटतं. मी तोडगाही काढलाय : ब्रेकच्या दोन्ही टोकांना लाल दोरा, गिअरच्या दोन्ही टोकांना हिरवा. पण म्हातारीचं ऐकतो कोण?

ता. क. तुझा शब्द इथे चालतो. लिही, की दोष जोडांचा होता आणि पाना थोरलीच्याच हाती शोभतो.

ता. क. मामा, हे माझ्या मनाचं. जोडांना दोष देऊ नका, नाहीतर ‘चूक माझी नव्हतीच’ म्हणत आई चिठ्ठ्यांसारखे दोरेही काढून टाकतील. ते मी कालच बांधलेत, आणि पाना गुपचूप त्यांच्या उशीखाली ठेवलाय. सापडेल तेव्हा सापडेल.

ता. क. बारकू, माझं बोलून केव्हाच झालं, तरी हिचं पेन चालूच होतं. काय लिहिलंय ते मला वाचता येणार नाही. पण रात्रभर मान टोचत होती, आणि आज सकाळची सायकल मीच जोडली. हिला सांगू नकोस. (अगं बाई! आई, लिहितेय मीच की! तरीच आज ब्रेक लागला.)