क्लॅरिनेट सोबत नेली आहे

ताई,

कपाटात क्लॅरिनेट दिसली नाही म्हणून घर डोक्यावर घेऊ नकोस. या वेळी विकायला नेलेली नाही. दातांच्या डॉक्टरबाईंनीच सोबत आणायला सांगितलीय. वाजवताना पुढचा दात किती हलतो ते त्यांना बघायचंय. मग हिरडी बधिर करून आतली घाण दाताच्या मुळापर्यंत खरवडून काढतील. तरी हिरडी दाताला धरून राहिली नाही, तर कापून उघडावी लागेल म्हणाल्या. घरात बसवेना, म्हणून वेळेआधीच निघालो. जेवायला काहीतरी मऊ कर, गरम नको.

संध्याकाळी बेसूर वाजवलं, तर इंजेक्शनचा अंमल उतरला नसेल, असं म्हण. उद्याही तसंच वाजलं, तर उद्याही तेच म्हण.

— धाकटा