प्रकाशची करंगळी

अमरावती, रविवार संध्याकाळ

अकोल्याहून आत्ताच आलो, कपडेही बदललेले नाहीत. प्रकाशचा कार्यक्रम ऐकला. आम्ही लग्नांत वाजवायचो त्या ऑर्केस्ट्रातून हा मुंबईला गेला आणि जॅझमध्ये डबल बास वाजवून आयुष्य काढलं. माणसाहून उंच, खर्जाचं ते तारवाद्य! आजही काय वाजवलं त्याने.

मी कधी गुरू केला नाही, पण कान पक्के आहेत. सुरातली केसभर चूक मी सोडत नाही. आज मात्र कानांनी नाही, डोळ्यांनी पकडलं. त्याची डावी करंगळी तारेला लागतच नव्हती. खर्जात सुरांच्या जागा लांब लांब, तिच्याशिवाय हात पोचणार कसा? दर सुराला अख्खा हातच सरकवत होता तो, आणि तेही लयीत!

नंतर चहाच्या टपरीवर विचारलंच. "करंगळी कावून लावून नाही राहिला बे?"

"दिसलं तुले? ऑपरेशन केलं, तरी वाकत नाही." मग हळूच म्हणाला, "दिगूभाऊ, खरं सांगजो. ऐकू आलं का? तू हो म्हनलं तं आजचा कार्यक्रम शेवटचा."

मी सगळं मनात पुन्हा वाजवून पाहिलं. एखादा सूर तरी हललेला? नाही सापडला. मला!

"दिसलं," मी म्हटलं, "ऐकू नाही आलं."

"मन राखून तं नाही बोलून राहिला?"

"सुराच्या बाबतीत मी बापाचं मन नाही राखलं, तुयं राखीन?"

तेव्हा कुठे हसला. "मंग जातो पुढच्या महिन्यात दौऱ्यावर."

कप उचलला त्याने. करंगळी तशीच ताठ, एखाद्या नवाबासारखी.