मागच्या डाव्या दाराचं हँडल

२ फेब्रुवारी, सोमवार
सकाळी येतो म्हणाला, दुपार झाली, भरमा मिस्त्रीचा पत्ता न्हाय. फोन केला की आलोच आक्का. कालपासनं ह्याचं आलोचच चाललंय. गाडी दारात येऊन दोन दिवस झाले आणि मागचं डावं दार आतनं उघडत न्हाय. एवढंसं काम, त्याला काय बेळगावासनं सायब बोलवू?

नीलम म्हणाली, आई, चिडण्यापेक्षा लिहून ठेव, कुठल्या तारखेला काय दुरुस्त केलं ते. आपली जुनी वही दिली. माझी शाळा चौथीपर्यंत. चुकलं तर चुकलं.

पण गाडी देखणी हाय. पांढरी ॲम्बॅसिडर, माझ्याच वयाची. बेळगावच्या कॅम्पातल्या नागेंद्रअण्णांकडनं घेतली. निपाणीत शिरलो तशी तंबाखूच्या वखारीपासली माणसं उठून बघाय लागली. नीलमच्या आप्पांनी वीस वर्सं वखारीच्या शेठची अशीच गाडी चालवली. मागच्या सीटवर एकदाबी बसले न्हाईत, तसेच गेले. तवाच ठरवलं, माझी लेक मागं बसून लग्नाला जाईल. बावीस तारीख हाय.

५ फेब्रुवारी, गुरुवार
मिस्त्री उगवला एकदाचा. हॉर्न केला, वायपर केला, तोंडानं गाणं चालूच. डाव्या दारापाशी गाणं थांबलं. म्हणाला, हँडल तुटलेलं न्हाय, कुणीतरी स्क्रू सोडवून काढलंय, भोकात मेण भरून वरनं पत्रा मारलाय. काच खाली करायची मूठपण काढलीया. बाकी तिन्ही दारं धड.

मग सीट बघितली. डाव्या अंगाला खोलगा, माणूस बसल्यागत. स्प्रिंग गेली असंल म्हणून हात घालून दाबलं तर स्प्रिंग शाबूत. हात झटकन काढला. गरम लागतंय म्हणाला. गाडी सावलीत होती.

पहिला मालक काय बोलला न्हाय का, मिस्त्रीनं विचारलं. बोललावता, दर अमावास्येला त्या जागेवर दहीभात ठेवा. मी म्हटलं, असतोय की उतारा, दृष्टीसाठी. त्यावर मिस्त्री हळूच म्हणाला,
“उतारा तीन रस्त्यांच्या तिकटीवर टाकतात, आक्का. सीटवर ठेवतात ते जेवण.”

हँडल बसवत न्हाय म्हणाला. मी म्हटलं, माझी नवरी पोरगी काय कोंडून घेऊन बसणार व्हय? मिशा कशाला ठेवल्यास, काढून टाक. मग बसवलं त्यानं हँडल.

८ फेब्रुवारी, रविवार
हँडल झ्याक बसलंय. दोनदा उघडझाप करून बघितली. जेवून बाहेर आले तर दार सताड उघडं. नीलमला बोलले. ती म्हणते मी हातच लावला न्हाय.

सीटचा खोलगा गेला. आपसूक. मिस्त्रीला फोन करून सांगितलं, दार आपसूक उघडलं, खोलगाबी गेला, तुझं एक काम वाचलं. त्यानं विचारलं, दार उघडलं तवा गाडीचं डावं अंग कुठं होतं, रस्त्याकडं का घराकडं.

घराकडं.

११ फेब्रुवारी, बुधवार
नीलमच्या कॉटवर डाव्या अंगाला खोलगा पडलाय. लग्नासाठी घेतलेली नवी कोरी गादी. पोरगी उजव्या कडंला अंग चोरून बसती. असं का म्हटलं, तर म्हणती जागा द्याय लागती. कुणाला, ते सांगत न्हाय.

दुपारी दहीभात मागितला. दोन घास खाऊन उरलेला कॉटवर ठेवला. बारीक असल्यापासनं दह्याला शिवत नव्हती ती.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
नागेंद्रअण्णांना फोन केला. सगळं सांगितलं. म्हणाले,
“ते हँडल मीच काढलेलं, बाई. बसवायचं नव्हतं.”
कुणासाठी काढलंवतं, विचारलं. त्यांनी फोन ठेवला. परत लावला — उचलत न्हाईत.

मिस्त्री आज बोलावल्या बोलावल्या आला. हँडल काढ म्हटलं. म्हणाला, बाहेर आलेलं आत गेल्याबिगर काढून काय उपेग. दारातनंच बोलला. उंबरा वलांडला न्हाय.

१५ फेब्रुवारी, रविवार
भर दुपार. नीलमच्या खोलीत गेले. गादी सपाट. नीलम न्हाय —

गाडीत बसलीया. मागं. डाव्या जागेवर. दार लावून घेतलंय. हाक मारली, समोरच बघती. पलीकडच्या दारानं आत शिरले, ओढलं. मिस्त्रीला बोलावलं, त्यानंबी ओढलं. तसूभर हलत न्हाय. अंग तापलेल्या पत्र्यागत —

हँडल तिच्या हातात. तिनंच काढलंय. चारी स्क्रू मांडीवर ओळीनं. आमच्या घरात स्क्रू-ड्रायव्हर न्हाय.

सीटचा खोलगा परत आलाय. नीलमपेक्षा रुंद —

गाडीतच बसून लिहितीया. मिस्त्री ही वही घेऊन आत्ताच कॅम्पात निघणार हाय. नागेंद्रअण्णा, फोन उचलू नका, पण हे वाचा. मंगळवारी अमावास्या. सोमवारी सांजपर्यंत मला उत्तर पायजे. हितं कोण बसत होतं. त्याला उठवायचं कसं. तुम्ही दहीभात ठेवत होता तो एकाचा. मी आता एकाचा ठेवू का दोघां—